ऊन जूनचं, पाणी मार्चचं

दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या हॉस्टेलमधली आठ-दहा मंडळी एम.एस. करायला अमेरिकेला उडतात आणि वर्ष-दीड वर्षात त्यांच्यापैकी कुणाचा तरी एक ठरावीक फोटो ग्रुपवर येऊन पडतो. मागे पाइनची झाडं, डोंगरमाथ्यावर थोडा बर्फ, पुढे काचेसारखं निळं पाणी आणि काठावर गॉगल लावून उभे असलेले आपले सीनियर. हे तळं म्हणजे लेक टाहो. सॅन होजे, फ्रीमाँट, सनीव्हेल या भागात नोकरी करणाऱ्या मराठी पोरांचं ते लोणावळाच म्हणा ना! शुक्रवारी संध्याकाळी गाडी काढली की चार-पाच तासांत पोचता येतं.

परवा मेसमध्ये असाच एक जूनमधला फोटो फिरत होता. ऊन एवढं की लोक वाळूवर छत्र्या लावून बसलेत, पण पाण्यात गुडघ्याच्या वर कोणीच नाही. फर्स्ट इयरच्या एकाने विचारलं, "एवढं ऊन आहे तर पोहत का नाहीयेत?" टेबलावरून लगेच तीन उत्तरं आली. मगरी असतील, पोहायला बंदी असेल, तिकीट असेल. तिन्ही चूक. पाणी गार असतं, एवढंच खरं उत्तर. पण ते किती गार, का गार, आणि काठावर उभं राहून ते कळत का नाही, यात आपल्या थर्मो आणि फ्लुइड मेकॅनिक्सचा बराच सिलॅबस येऊन जातो. शिवाय या न कळण्यापायी माणसं जिवाला मुकतात. म्हणून हा लेख. (टाहो हा शब्द मराठीत कशाशी जुळतो ते सांगायला नको. मूळ शब्द तिथल्या वाशो लोकांच्या भाषेतला आहे आणि त्याचा अर्थ नुसता 'तळं' एवढाच. म्हणजे लेक टाहो म्हणजे तळं-तळं!)

आधी आकार डोळ्यांसमोर आणू. टाहो हे सिएरा नेवाडा डोंगररांगेत, कॅलिफोर्निया आणि नेवाडा या दोन राज्यांच्या सीमेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १९०० मीटर उंचीवर आहे. लांबी ३५ किलोमीटर, रुंदी १९ किलोमीटर, जास्तीत जास्त खोली ५०१ मीटर आणि सरासरी खोली ३०० मीटर. एकूण पाणी सुमारे १५० घन किलोमीटर. आपल्याकडे पाणी टीएमसीत मोजतात, तर हे ५३०० टीएमसीच्या आसपास जातं. कोयना धरण काठोकाठ भरलं की १०५ टीएमसी. म्हणजे पन्नास कोयना एका खड्ड्यात ओतल्या की एक टाहो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे तोच सगळा खेळ करणार आहे.

तळं तापायला किती युनिट लागतात?

हवेचं आणि पाण्याचं तापमान बरोबर चालत नाही, हे आपण सगळे बाथरूममध्ये अनुभवतो. पण किती मागे राहतं, ते हिशोबाने पाहू. तळ्याचा एक चौरस मीटरचा तुकडा घ्या आणि फक्त वरचं २० मीटर पाणी धरा. वस्तुमान २०,००० किलो. पाण्याची विशिष्ट उष्णता ४.१८ किलोज्यूल. हे पाणी १० अंशांनी तापवायचं तर लागतात सुमारे ८३७ मेगाज्यूल, म्हणजे वीज मंडळाच्या भाषेत २३२ युनिट. दोन किलोवॅटचा गिझर पाच दिवस पाच रात्री अखंड चालवल्यासारखं झालं. आणि हे एका चौरस मीटरचं. टाहोचं क्षेत्रफळ जवळजवळ ४९० चौरस किलोमीटर आहे.

उन्हाळ्याच्या चांगल्या दिवशी सूर्याकडून एका चौरस मीटरवर ढोबळ मानाने सात युनिट येतात. २३२ भागिले ७ केलं तर ३३ दिवस. मग महिन्याभरात पाणी तापायला हवं! पण आलेली सगळी उष्णता पाण्यात राहत नाही. मोठा भाग बाष्पीभवनात जातो आणि बराचसा रात्री उघड्या आकाशाकडे परत जातो. टाहोसारख्या उंच, कोरड्या हवेच्या जागी तर रात्रीचा हा खर्च फारच. शिल्लक राहते ती थोडी. म्हणून प्रत्यक्षात महिन्याऐवजी तीन-साडेतीन महिने लागतात. दिवस सगळ्यात मोठा २१ जूनला, पण पाणी सगळ्यात उबदार होतं ते जुलैअखेर आणि ऑगस्टमध्ये. तसंच दिवस सगळ्यात लहान डिसेंबरात, पण पाणी सगळ्यात गार फेब्रुवारी-मार्चमध्ये.

आता आकडे. टाहोचं वरचं पाणी फेब्रुवारी-मार्चमध्ये ५ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला १० ते १३. ऑगस्टमध्ये १८ ते २१. बस, एवढीच मजल. म्हणजे भर उन्हाळ्यातलं टाहोचं सगळ्यात 'गरम' पाणी आपल्या पुण्यातल्या हिवाळ्यातल्या नळाच्या पाण्याएवढं. स्पर्धेच्या जलतरण तलावात पाणी २५ ते २८ अंश ठेवायचा नियम आहे. त्या मापाने टाहो वर्षातल्या एकाही दिवशी पास होत नाही.

चार अंशांची गंमत

आता खोलीकडे. पाण्याची घनता ४ अंशांना सगळ्यात जास्त असते, हे बारावीत पाठ केलेलं असतं. ४ अंशांना ९९९.९७, १० अंशांना ९९९.७०, २० अंशांना ९९८.२०, ३० अंशांना ९९५.६५ किलो प्रति घनमीटर. फरक किरकोळ दिसतो, पण तळ्याला तेवढा पुरतो. उन्हाने तापलेलं पाणी हलकं होतं आणि वर तरंगतं. खालचं गार पाणी जड, ते खालीच बसतं. वारा वरचा थर ढवळत राहतो, पण त्याची ताकद ठरावीक खोलीपर्यंतच पोचते. मग ऑगस्टमध्ये चित्र असं दिसतं: वरचे दहा-पंधरा मीटर जवळपास एकाच तापमानाचे, त्याखाली थोड्याच अंतरात तापमान धाडकन उतरतं, आणि त्याच्या खाली थेट तळापर्यंत ५ अंशांच्या जवळपासचं पाणी, जे उन्हाळा-हिवाळा काही जाणत नाही. मधला जो उताराचा पट्टा, त्याला थर्मोक्लाइन म्हणतात.

जूनमध्ये मात्र हा वरचा उबदार थर फारच पातळ असतो. शांत दुपारी वरच्या हातभर पाण्यात बरं वाटतं, पाय खाली सोडले की थेट मार्च महिना लागतो. आणि रात्री जोराचा वारा सुटला तर तो हातभर थर खालच्या पाण्यात मिसळून सकाळपर्यंत गायबसुद्धा होतो. "काल तर मस्त होतं पाणी" हे वाक्य टाहोच्या काठावर फारसं कामाचं नाही.

हिवाळ्यात वरचं पाणी गार होऊन जड होतं, खाली बुडतं, त्याच्या जागी खालचं वर येतं आणि थर मोडतात. टाहो एवढं खोल आहे की हे ढवळणं दर वर्षी तळापर्यंत पोचत नाही. सरासरीने तीन-चार वर्षांतून एकदा पोचतं. २०२३ च्या कडक हिवाळ्यात ते तळापर्यंत पोचलं होतं. तिथली युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, डेव्हिस ही संस्था १९६८ पासून या तळ्याची मोजमापं घेते, आणि नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीबरोबर त्यांनी १९९९ पासून तळ्यात तापमान मोजणारे तरंगते बॉय ठेवले आहेत. उपग्रहावरून मोजलेलं तापमान बरोबर येतंय का, हे ताडून पाहायला नासाला एक मोठं, न गोठणारं तळं हवं होतं. ते टाहो.

न गोठणारं का? पुन्हा तोच हिशोब. बर्फ धरण्याआधी वरचं पाणी गार होऊन बुडत राहतं, खालचं वर येत राहतं. सरासरी ३०० मीटर खोलीचं पाणी नुसतं एका अंशाने गार करायचं तर प्रत्येक चौरस मीटरमागे सुमारे ३५० युनिट उष्णता काढावी लागते. तेवढा लांब हिवाळा तिथं नसतोच. भोवताली दोन-तीन मीटर बर्फ साचलेला आणि मधे तळं मात्र निळंशार उघडं. फार तर एमेराल्ड बे नावाच्या आडोशाच्या खाडीवर कधीतरी बर्फ धरतो.

वाऱ्याचा डाव

आता थोडं फ्लुइड मेकॅनिक्स, कारण इथं पर्यटक सगळ्यात जास्त फसतो.

टाहोवर जोराचा वारा बहुधा नैर्ऋत्येकडून येतो. तो वरचं उबदार पाणी पूर्व काठाकडे ढकलतो. पूर्वेकडे पाण्याची पातळी दोनेक सेंटिमीटर चढते, डोळ्यांना दिसतही नाही. पण खाली काय होतं पाहा. हवा आणि पाणी यांच्या घनतेत जमीन-अस्मानाचा फरक, म्हणून वरचा पृष्ठभाग थोडाच कलतो. उबदार थर आणि गार थर यांच्या घनतेत मात्र फरक फक्त हजारात एक-सव्वा. त्यामुळे वरच्या दोन सेंटिमीटरचा तोल सांभाळायला खालच्या थर्मोक्लाइनला उलट दिशेने पंधरा-वीस मीटर कलावं लागतं. हायड्रोस्टॅटिक्सचं साधं समीकरण आहे, रिकाम्या तासाला करून पाहा. परिणाम काय, तर पश्चिम काठावर खालचं गार पाणी थेट वर येऊन उघडं पडतं. तळं तेच, दिवस तोच, ऊन तेच, पण पूर्वेकडच्या सँड हार्बरला लोक पोहतायत आणि पश्चिमेच्या काठावर पाण्यात पाय घालवत नाही. वारा पडला की कललेला थर परत झुलत येतो, घंगाळातलं पाणी हिंदकळावं तसा, पण फार सावकाश.

म्हणून मोबाईलवर 'टाहोच्या पाण्याचं तापमान' म्हणून जो एकच आकडा मिळतो, तो नेमका कुठल्या काठाचा आणि कुठल्या दिवसाचा, हे पाहिल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

वारा नुसता पाणी गार करून थांबत नाही. २१ जून २०२५ ला, म्हणजे बरोबर वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवसाच्या सुमारास, दुपारी अचानक वादळ उठलं आणि सहा ते आठ फुटांच्या लाटा आल्या. नैर्ऋत्य काठाला डी. एल. ब्लिस स्टेट पार्कजवळ दहा जण असलेली एक मोटरबोट उलटली. आठ जण गेले, दोघं वाचले. लाट आणि वारा हे उलटण्याचं कारण. पण पाण्यात पडल्यावर माणसाच्या हातात वेळ किती उरतो, हे पाण्याचं तापमान ठरवतं, आणि तिथला जून म्हणजे काय ते वर आलंच आहे.

पहिला मग

शरीराचं काय होतं हे समजायला टाहोला जायची गरज नाही. डिसेंबरात सकाळी सोलरचं गरम पाणी संपलेलं असतं आणि वायव्हा साडेनऊला असतो, तेव्हा आपण टाकीच्या पाण्याने आंघोळ करतो. पहिला मग अंगावर घेतला की तोंडातून जो 'हाऽऽ' निघतो तो आठवा. श्वास एकदम आत ओढला जातो, मग काही क्षण धाप लागते, छाती धडधडते. तिसऱ्या-चौथ्या मगाला आपण नॉर्मल. हीच प्रतिक्रिया, हाच रिफ्लेक्स. इंग्रजीत तिला कोल्ड शॉक म्हणतात. ती आपण ठरवून थांबवू शकत नाही. व्यायाम करणारा, दंड फुगलेला, वॉटरपोलो खेळणारा, कुणीही असो.

फरक एवढाच की बाथरूममध्ये पाणी असतं १८ अंशांच्या आसपास, एक मगभर, आणि तोंड हवेत. टाहोत ते १२ अंश, सगळ्या अंगाला एकदम, आणि सूर मारला असेल तर डोकं पाण्याखाली. तो आत ओढलेला 'हा' हवेचा नसून पाण्याचा असतो. दगडावरून उडी मारलेला पट्टीचा पोहणारा वर आलाच नाही, अशा बातम्यांमागे पुष्कळदा हेच कारण असतं. लोक म्हणतात थंडीने गारठून गेला. गारठायला वेळ लागतो हो. तो त्याच्या कितीतरी आधी गेलेला असतो.

कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी याचा सोपा आडाखा करून ठेवलाय: एक-दहा-एक. अगदी गार पाण्यात पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणायचं. पुढची दहा मिनिटं हातपाय कामाचे असतात. आणि शुद्ध हरपण्याइतकं अंग गारठायला साधारण एक तास लागतो. यातली मधली दहा मिनिटं नीट समजून घ्या. शरीर मधल्या भागाची ऊब वाचवायला हातापायांचं रक्त आत ओढून घेतं. मग बोटं दोर धरत नाहीत, लाईफ जॅकेटचं बक्कल लागत नाही, हात मारले तरी अंग पुढे सरकत नाही. काठ पन्नास मीटरवर असतो आणि पोहता येत असूनही पोचता येत नाही. जॅकेट आधीच अंगात असेल तर तो शेवटचा एक तास तुमचा, नसेल तर त्या तासाला काही किंमत नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट चांगलं उष्णतावाहक आहे, आणि एका लिटर पाण्यात मावणारी उष्णता एका लिटर हवेच्या साडेतीन हजार पट. त्यामुळे १२ अंश हवा आणि १२ अंश पाणी यांची बरोबरीच करायची नाही. महाबळेश्वरला १२ अंशांत आपण स्वेटर घालून मक्याची कणसं खातो.

चुकून पडलातच तर? ब्रिटनमधली जीवरक्षक बोटींची जुनी संस्था आर.एन.एल.आय. सांगते की आधी पोहू नका. उताणे व्हा, कान पाण्यात बुडाले तरी चालतील, तोंड वर ठेवा, हात हळूहळू हलवत मिनिट-दीड मिनिट नुसते तरंगा. धाप ओसरली की मग काय ते ठरवा. ऐकायला सोपं आहे, पण सगळं अंग 'पळ' म्हणत असताना नुसतं तरंगणं सोपं नसतं. म्हणून ते आधी कुठल्यातरी तलावात करून पाहिलेलं असावं. आणि मुद्दाम उतरायचं असेल तर काठाकडून, पायांपासून, तोंडावर-मानेवर पाणी मारत हळूहळू उतरायचं. आपल्या आजीने नदीवर शिकवलेलं तेच. बिअर प्यायल्यावर अजिबात नाही. दारूने कातडीकडे रक्त जातं, म्हणून ऊब वाटते आणि उलट लवकर गारठायला होतं.

तर जाणाऱ्यांसाठी सरळ सांगायचं तर मे-जूनमध्ये टाहोला डोंगर चढायला, फोटो काढायला जा, पाण्यात घोट्यापर्यंत. पोहायचंच असेल तर जुलैअखेर ते सप्टेंबरचा पहिला पंधरवडा, दुपारी, वारा नसताना, दक्षिण किंवा पूर्वेच्या उथळ वाळूच्या काठांवर. सप्टेंबर मला स्वतःला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. हवा गार व्हायला लागते, गर्दी ओसरते, पण पाण्याने उन्हाळ्यात साठवलेली पुंजी अजून संपलेली नसते. हवेपेक्षा मागे राहण्याचा तोटा जूनमध्ये होतो, तर त्याचाच फायदा सप्टेंबरमध्ये. कयाक किंवा पॅडलबोर्ड भाड्याने घेतलं तर जॅकेट अंगात, बोर्डावर अडकवलेलं नाही. आणि दुपारी वारा वाढायच्या आत परत.

हिवाळ्यात जाणाऱ्यांना वेगळी सूचना. टाहो गोठत नाही, पण लहान आणि उथळ तळी गोठतात, आणि नवख्या माणसाला गोठलेलं तळं म्हणजे मैदान वाटतं. ॲरिझोना म्हटलं की आपल्याला वाळवंट आठवतं, पण तिथंही उंचावर वुड्स कॅन्यन लेक नावाचं तळं आहे. २६ डिसेंबर २०२२ ला तिथं गोठलेल्या पाण्यावर गेलेले तिघं भारतीय बर्फ फुटून बुडाले. फिनिक्सजवळच्या चँडलर गावात राहणारे, मूळचे आंध्रचे, नाताळच्या सुटीत फिरायला आलेले. बर्फाची घनता ९१७, म्हणून तो तरंगतो आणि खालच्या पाण्याला पांघरूण घालतो. खालचं पाणी ४ अंशांचं राहून बर्फाला खालून ऊब देत असतं, झरा किंवा ओढा येतो तिथं जास्तच. त्यामुळे बर्फाची जाडी सगळीकडे सारखी नसते आणि वरून ती समजत नाही. तिथले लोक ड्रिलने भोक पाडून मोजतात. नव्या, पारदर्शक बर्फाची जाडी निदान चार इंच भरली तरच चालत जातात. ज्याने आयुष्यात बर्फ फक्त गोळेवाल्याकडे पाहिला, त्याने काठावर थांबावं हे उत्तम.

आणि आपली धरणं?

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, आपल्याला काय त्याचं, पवना-पानशेत तर बारा महिने कोमट! वरून कोमट, बरोबर. डिसेंबर-जानेवारीत वरचं पाणी साधारण २१-२३, एप्रिल-मेमध्ये २८-३०. पण घनतेचे वर दिलेले आकडे पुन्हा एकदा पाहा. ५ वरून १० अंशांवर गेलं तर घनता ०.२७ ने कमी होते. २५ वरून ३० वर गेलं तर १.४० ने. तेवढ्याच पाच अंशांना पाचपट फरक! म्हणजे आपल्याकडे वर २८ आणि खाली २२ असे नुसते सहा अंश असले, तरी थर टाहोच्या १८ आणि ५ या तेरा अंशांच्या थरांइतकेच घट्ट बसतात. आपली खोल धरणं उन्हाळ्यात चांगलीच थरांची असतात, फक्त आपण कधी थर्मामीटर खाली सोडलेलं नसतं.

याचा पुरावा हवा असेल तर मे महिन्यात एखाद्या मोठ्या धरणाच्या पायथ्याला, जिथून पाणी सोडतात तिथं, हात घालून पाहा. वर जलाशय तापलेला आणि इथं पाणी गार लागतं, कारण ते तळाजवळच्या दारातून येतं. पण हात घालण्यापुरतंच. भोंगा वाजला की पाणी वाढतं, आणि तिथल्या डोहात उन्हाने भाजलेली पोरं उड्या मारत असतात.

दुसरा पुरावा नाकाला मिळतो. उन्हाळाभर झाकण बसल्यासारखं झाल्याने खालच्या थराला हवा मिळत नाही. तळाचा पाला, गाळ कुजतो, प्राणवायू संपतो, सडक्या अंड्याचा वास देणारा वायू साठतो. पुढे कधी पावसाळी गार हवेत, कधी डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्रींत वरचं पाणी जड होऊन उलथापालथ झाली की ते काळपट पाणी वर येतं, वास सुटतो आणि कधीकधी सकाळी मासे मरून काठाला लागतात. लगेच ओरड होते की कुणीतरी विष कालवलं. काही ठिकाणी खरंच कारखान्याचं पाणी असतं, ते तपासायलाच हवं. पण दर वेळी विष नसतं, आणि जुन्या कोळ्यांना हे पक्कं ठाऊक असतं.

आपल्या धरणांत गारठ्याने माणूस जात नाही, हे मात्र स्पष्ट सांगायला हवं. तिकोना, तुंग, लोहगड उतरून घामाघूम पोरं थेट पवनेच्या पाण्यात शिरतात, तिथं मारते ती खोली. धरण म्हणजे बुडवलेली दरी. काठ दहा पावलं उथळ आणि अकराव्या पावलाला जुन्या नदीची दरड. तळाला गुडघाभर गाळ, झाडांचे बुंधे, बुडालेल्या गावांच्या भिंती. उजनीत पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं ते पाहायला आपण जातो, पण असं किती काय अजून पाण्याखाली आहे ते डोळ्यांसमोर येत नाही. शिवाय पातळी दर महिन्याला बदलते, त्यामुळे दिवाळीत जिथं उभं राहता आलं तिथं मार्चमध्ये कडा वेगळीच. तापमानाचा वाटा एवढाच की पाय घसरून दोन-तीन मीटर खाली गेलं की तिथं गार पट्टा लागतो, तापलेलं अंग दचकतं, श्वास सुटतो. पोहता न येणाऱ्याला तेवढं पुरतं. रेक्टर सर सहलीच्या अर्जावर सही करताना "पाण्यात उतरणार नाही" असं लिहून घेतात, त्यावर आपण हसतो. माझं म्हणणं, त्या ओळीखाली दोरी आणि ट्यूब बरोबर न्यायचंही लिहून घ्यावं.

शेवटी टी.ई., बी.ई.वाल्यांसाठी एक मिनी प्रोजेक्ट. बुधवार पेठेत किंवा लॅमिंग्टन रोडला डी.एस. १८बी२० नावाचा, स्टीलच्या नळीतला वॉटरप्रूफ सेन्सर स्वस्तात मिळतो. तीस मीटर केबल, प्रत्येक मीटरला रंगीत इन्सुलेशन टेपची खूण, खाली शिशाचं वजन. धरणावरच्या कोळी काकांना विचारून, त्यांच्याच होडीतून, जॅकेट घालून मधोमध जायचं आणि दर मीटरला दोन मिनिटं थांबून आकडा लिहायचा. सोबत मेसमधली एक ताटली पांढरी रंगवून दोरीने खाली सोडा आणि ती दिसेनाशी होते ती खोली मोजा. टाहोत अशाच पांढऱ्या तबकडीने १९६८ साली वर्षाची सरासरी ३१ मीटर भरली होती. आपली दोन-तीन भरली तरी खूप. एकदा जानेवारीत आणि एकदा एप्रिलअखेर, दोन्ही ग्राफ एकाच कागदावर काढा. सेन्सर अर्ध्या अंशापर्यंत चुकू शकतो, म्हणून दोन्ही वेळी तोच सेन्सर वापरा आणि निघण्याआधी बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य तपासून घ्या. बर्फ मेसच्या फ्रीजमधून, मेसच्या काकांना विचारून.